एक डोंगर, अनेक कारभारी

अजिंठ्याची लेणी पाहून परतलेल्या माणसास, तेथील व्यवस्था कोणाकडे आहे असे विचारले, तर 'सरकारकडे' असे एका शब्दात सांगून तो मोकळा होईल. उत्तर खोटे नव्हे. परंतु ते पुरतेही नव्हे. लेणी केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहेत. सभोवारची वनराई राज्याच्या वनखात्याची. फर्दापूरच्या फाट्यापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत उतारूंची ने-आण एस. टी. महामंडळ करते. निवास व उपाहार ह्यांची तजवीज पर्यटन महामंडळाची. रस्ते, पाणी व वीज ह्यांचे धनी आणखी निराळे. प्रवासी पाहतो ते स्थळ एकच. त्याचे कारभारी मात्र अर्धा डझन.

ह्यात बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. ह्याचे उत्तर लेण्यांतील भिंतीच देतात. तेथील चित्रे दगडावर नसून दगडास चढविलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. आत येणारा प्रत्येक मनुष्य आपल्या श्वासाबरोबर ऊब व ओलावा घेऊन येतो, आणि हा ओलावा गिलाव्याचा वैरी होय. म्हणून मुख्य चित्रलेण्यांत एका वेळी चाळीस माणसांहून अधिक सोडू नयेत, असा दंडक घातलेला आहे. दंडक योग्यच आहे. परंतु दारावरचा रखवालदार चाळीस माणसे मोजू शकतो, दारापुढे चारशे जमू नयेत ही व्यवस्था काही त्याच्या हाती नाही. ती बसगाड्यांच्या वेळांवर, तिकिटांच्या विक्रीवर आणि सुटीच्या दिवसांच्या गर्दीवर अवलंबून असते. एकामागून एक भरलेल्या गाड्या पायथ्याशी रिकाम्या झाल्या, म्हणजे त्या गरीब रखवालदाराने एक तर तंटा करावा, नाही तर नियम सैल सोडावा! अशा वेळी नुकसान होते ते पुरातत्त्व खात्याच्या भिंतीचे. कारण मात्र दुसऱ्याच कचेरीच्या वेळापत्रकात दडलेले असते.

१८१९ साली ही लेणी इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. पुढे निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन झाले व गुलाम याझदानी ह्यांच्याकडे त्याची सूत्रे आली. लेणी काय किंवा फर्दापूरचे विश्रामगृह काय, दोन्ही तेव्हा एकाच दरबाराच्या अखत्यारीत होती, आणि प्रेक्षकही मोजकेच. १९८३ साली अजिंठ्याची गणना जागतिक वारशात झाली. प्रेक्षकांचा ओघ वाढला आणि एका हाताचे काम अनेक हातांत गेले. हे अनेक हात एकत्र यावेत म्हणून जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास योजना आखण्यात आली. तिच्या पहिल्या टप्प्याचा करार १९९२ साली व दुसऱ्याचा २००३ साली झाला.

ह्या योजनेचे सुपरिणाम नाकारता येणार नाहीत. खासगी मोटारी सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबू लागल्या. लेण्यांच्या तोंडाशी असलेली दुकाने फाट्यावर हलली. उघड्या टेकड्यांवर झाडे लागली. पुरातत्त्व खाते, वनखाते व एस. टी. ह्यांनी परस्परांस हात दिला नसता, तर ह्यांतील एकही गोष्ट घडती ना.

परंतु त्याच योजनेने एक कटू धडाही दिला. लेण्यांवरील भार हलका व्हावा म्हणून फाट्याजवळ २०१३ साली एक भव्य अभ्यागत केंद्र उघडले. १, २, १६ व १७ ह्या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे उभारल्या होत्या. कल्पना उत्तम, इमारतही देखणी. पण दशक पुरे होण्याच्या आतच पाण्याची व विजेची बिले थकली आणि केंद्राची दारे बंद झाली. एका सरकारी संस्थेचे देणे दुसरीकडे राहिले, आणि त्याचा भार पुन्हा त्या जुन्या भिंतींवर पडला. बांधकामाचा खर्च कोण देणार हे ठरले होते. बांधल्यावर रोजचा दिवा कोणी लावावयाचा, हे मात्र नीट ठरले नव्हते.

सहकार्य म्हणजे एकत्र बसून चहा घेणे व ठराव संमत करणे नव्हे. गर्दीचा अंदाज सर्व खात्यांनी आगाऊ एकमेकांस कळवावा. बसगाड्या लेण्यांच्या दारावरील मोजणीप्रमाणे सोडाव्यात. प्रत्येक नव्या सोयीचा चालू खर्च कोणाच्या माथी, हे पायाचा दगड बसविण्यापूर्वी लिहून काढावे. आणि फाट्यावरील दुकानदार, वाटाडे व डोलीवाले ह्यांनाही त्या बैठकीत जागा असावी, कारण प्रत्येक निर्णयाची झळ प्रथम त्यांच्याच चुलीस लागते. ह्यांतील एकाही गोष्टीस नवे कर्ज लागत नाही.

खात्यांच्या हद्दी नकाशावर आखता येतात. ओलाव्याला त्या ठाऊक नसतात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या भिंतीवर तो एकदा साठू लागला, की कोणत्या कचेरीच्या चुकीने साठला, ह्याच्या चौकशीतून गेलेला रंग परत येणार नाही.