सैन्यास पंख देणारा कायदा



विमान उडालें तें धाडसाच्या बळावर. परंतु सैन्यांत त्यास हक्काचें स्थान मिळालें तें कायद्याच्या कलमांमुळें. अमेरिकेचा १८ जुलै १९१४ चा कायदा या दृष्टीनें अभ्यसनीय आहे.

तत्पूर्वीं, १ ऑगस्ट १९०७ रोजीं तेथील सैन्याच्या संदेशवाहक दलांत एक वैमानिक शाखा निघाली होती. तिचा परिवार म्हणजे एक अधिकारी व दोन शिपाई! पुढील वर्षीं फोर्ट मायर येथें ऑरव्हिल राइट यांचें विमान कोसळून लेफ्टनंट सेल्फ्रिज मृत्यु पावला. १९११ सालीं विधिमंडळानें या कामासाठीं सव्वा लक्ष डॉलर मंजूर केले. तथापि शाखेचा पाया खात्याच्या हुकुमाचा होता, कायद्याचा नव्हता.

१९१३ सालीं हे नांवाच्या सभासदानें विमानदल वेगळें काढण्याचें विधेयक मांडलें. नवल असें कीं, कॅप्टन बेक यांचा अपवाद सोडतां फूल्वा, आर्नोल्ड, मिचेल या अधिकाऱ्यांनीं त्यास विरोध केला. पुढें याच मिचेलनें स्वतंत्र विमानदलासाठीं एवढा आग्रह धरिला कीं, १९२५ सालीं त्यास लष्करी न्यायासनापुढें उभें राहावें लागलें.

अखेर विभाग संदेशवाहक दलांतच राहिला. मात्र ६० अधिकारी व २६० सैनिक हें त्याचें बळ कायद्यानें ठरलें. उमेदवार तीस वर्षांच्या आंतील अविवाहित लेफ्टनंट असावा, अशी अट होती. उड्डाण शिकणारास पगारावर शेंकडा २५, कनिष्ठ वैमानिकास ५० व वरिष्ठास ७५ अधिक. आणि अपघातांत मरण आल्यास विधवेस अथवा त्यानें लिहून दिलेल्या व्यक्तीस एक वर्षाचा पगार! तरुण असावा, मागें संसार नसावा, वेतन जास्त द्यावें व मरणाचीही तरतूद करावी. या कलमांवरून कायदा करणारांस धोक्याची किती स्पष्ट जाणीव होती, हें दिसून येतें.

त्यानंतर दहाच दिवसांनीं युरोपांत महायुद्ध पेटलें. १९१७ सालीं अमेरिका त्यांत उतरली, तेव्हां रणांगणांत टिकेल असें एकही विमान तिच्याजवळ नव्हतें. कायद्यानें जागा दिली होती. कारखाने, पैसा व शिक्षण यांची जोड मात्र पुरेशी मिळाली नव्हती. १९१८ सालीं विमानदल संदेशवाहक दलापासून सुटलें आणि १९४७ सालीं सैन्यापासूनही स्वतंत्र झालें.

तात्पर्य, कायदा हें बीं आहे. तें पेरल्यावर पाणी घालण्याचें कर्तव्य राष्ट्रास चुकत नाहीं. आणि तें चुकविल्यास त्याची किंमत त्या तीस वर्षांच्या आंतील तरुणांस द्यावी लागते.