शिशाची नळी : अर्धे काम, पुरता धोका



पाणी नितळ दिसले की ते निर्धोक मानावे, ही माणसाची जुनी समजूत आहे. शिसे या समजुतीला धक्का देते. पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग, वास वा चव नसते. पाणी उकळले तरी ते जात नाही. वाफ निघून जाते आणि शिसे मागे उरते. त्याचा सर्वांत मोठा आघात होतो तो बालकांच्या वाढत्या मेंदूवर.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने हा धडा जबर किंमत देऊन घेतला. तेथे रस्त्यातील मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत येणाऱ्या हजारो नळ्या शिशाच्या होत्या. आत साचलेल्या क्षारांच्या थरामुळे शिसे पाण्यापासून बरेचसे अलग राहत असे. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये शहराला फ्लिंट नदीचे पाणी देण्यात आले. ते धातूला अधिक खाणारे होते. तरीही त्यात गंजरोधक फॉस्फेट मिसळले गेले नाही. थर सुटला व शिसे घराघरांत पोहोचले. नागरिकांच्या तक्रारींना पाणी सुरक्षित असल्याचे उत्तर मिळत राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातील वाढलेल्या शिशाचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा कोठे ऑक्टोबरमध्ये पूर्वीचे पाणी परत आले.

पाणी बदलले, नळ्या मात्र जमिनीतच होत्या. अशा नळीचा रस्त्याकडील भाग बहुधा पाणीपुरवठा संस्थेचा व आतील भाग घरमालकाचा असतो. यातूनच अर्धवट कामे होतात. एकच भाग बदलल्यास कापण्याच्या हादऱ्याने उरलेल्या नळीतील थर सुटतो. तिला तांबे जोडल्यास शिसे अधिक झिजू शकते. परिणामी काही काळ पाण्यातील शिसे उलट वाढते. म्हणून नळी संपूर्ण बदलणे, हाच खरा उपाय होय. फ्लिंटमध्ये २०१७ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार हे काम घरमालकांवर भार न टाकता हाती घेण्यात आले.

शिशाची नळी मळकट करडी व मऊ असते. चाकूने हलके खरवडताच रुपेरी चकाकी दिसते. ती बदलेपर्यंत, रात्रभर नळीत साठलेले पाणी सकाळी आधी वाहू द्यावे आणि पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी थंड पाणीच घ्यावे. नवी नळी बसविताना शिसेविरहित डाख वापरावा, नंतर भरपूर पाणी सोडून तोट्यांच्या जाळ्या स्वच्छ कराव्यात.

महाराष्ट्रातील घरांत लोखंडी व पीव्हीसी नळ अधिक आढळतात. तथापि पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी शिशाची संयुगे वापरली जात. केंद्र शासनाने २०२१ मध्ये नियम करून ती दूर करण्याचे ठरविले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये.

ग्रामपंचायतीने नळखरेदी करताना स्वस्त दराबरोबर शिसेविरहित मालाचा आग्रह धरावा. शिक्षकांनी शाळेचे पाणी प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे. अधिकाऱ्यांनी नागरिकाची पहिली तक्रार हीच पहिली सूचना मानावी. नळी बदलता येते. बालपणी झालेली हानी भरून काढता येत नाही.