विंचवाचा दंश, झाडपाला आणि दवाखाना



डॉक्टरी उपचार आणि आपले गावठी उपचार यांचा मेळ कसा घालावा, या विषयावर आम्ही बोलावे अशी संस्थेची सूचना आहे. विषय मोठा आहे. म्हणून आम्ही त्याचे एकच टोक धरणार आहोत. ते म्हणजे विंचू. जालना जिल्ह्यात राहणाऱ्याला विंचू समजावून सांगण्याची गरज नाही. तुराट्यांची गंज, शेणाच्या गोवऱ्यांचा ढीग, दगडी भिंतीची फट आणि ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांची पाचटाची कोपी, ही त्याची घरे. जमिनीवर झोपणाऱ्यालाच तो आधी भेटतो.

आम्ही शाळकरी पोरे होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीत सात-आठ वर्षांच्या एका मुलाला संध्याकाळी सरपण काढताना विंचू चावला. मंत्र टाकणाऱ्याला बोलावले. आघाड्याची मुळी उगाळून लावली, चिंचोका चिकटवला. तासाभराने पोराचे रडणे थांबले आणि सगळे म्हणाले, "उतरला." परंतु त्याला दरदरून घाम फुटला होता, दोन उलट्या झाल्या होत्या, हातपाय गार पडले होते. घामाला लोक विष बाहेर पडल्याची खूण समजले. मध्यरात्री त्याला धाप लागली, तोंडातून फेस आला. बैलगाडी जुंपेपर्यंत सारे संपले होते.

आज आम्हाला ठाऊक आहे की ज्या खुणांना आम्ही सुटका समजलो, त्याच धोक्याच्या खुणा होत्या. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या दंशाने बहुधा जीव जात नाही. लहान लाल विंचू मात्र घातकी. त्याचे विष शरीरातील मज्जातंतू चेतवते, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरते. कमी दुखणे आणि जास्त घाम, हे लहान मुलात विशेष वाईट लक्षण होय. बहुसंख्य दंशांत फक्त वेदना असते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. ते श्रेय मंत्राला मिळते. मांत्रिकाची कीर्ती या बहुसंख्येवर उभी राहते, आणि जे मरतात त्यांचे नशीब काढले जाते.

या रोगावर इलाज शोधणारा माणूस आपल्याच जिल्ह्याचा आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे. घरची गरिबी, नागपूरला वैद्यकीय शिक्षण आणि नंतर रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी. तेथे विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत. ते रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसत आणि नाडी, रक्तदाब, घाम यांची तासातासाला नोंद ठेवत. ती निरीक्षणे 1982 साली लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरचीच प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी या विषाची चाल उलटवते, हे त्यांनी दाखवले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात सुमारे चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता मेळ घालण्याचा मुद्दा. विंचवाच्या विषावरची लस तयार झाल्यावर, गोळी चांगली की लस, असा वाद होऊ शकला असता. डॉ. बावस्करांनी गंभीर दंशाच्या 70 रुग्णांचे दोन गट केले. 35 जणांना नुसती गोळी, 35 जणांना गोळी आणि लस. दहा तासांत पहिल्या गटातील 8 जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटातील 32. हा अहवाल 2011 साली प्रसिद्ध झाला. दोन उपचार एकत्र करावेत की नाही, हे असे ठरते. वयाने, जुनेपणाने किंवा सांगणाऱ्याच्या दाढीने ठरत नाही.

याचा अर्थ झाडपाला टाकाऊ, असे आम्ही म्हणत नाही. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले, की नगराभोवती एक योजन फिरून जे औषध नाही असे झाड घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. असे एकही झाड त्याला सापडले नाही. पण हाच जीवक राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडून शस्त्रक्रिया करतो. एकाच वैद्याच्या हाती मुळीही होती आणि शस्त्रही होते.

त्याच पिटकात आणखी एक उल्लेख आहे, तो सांगताना आपले लोक अडखळतात. सर्पदंश झालेल्या भिक्खूला शेण, मूत्र, राख आणि माती देण्याची अनुज्ञा तेथे आहे. ते त्या काळचे उपलब्ध ज्ञान होते. ते लपवायचे कारण नाही आणि आज वापरायचेही कारण नाही. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत.

सर्पगंधेचे उदाहरण पाहा. नावातच साप आहे आणि लोक तिची मुळी सर्पदंशावर देत. सापाच्या विषावर ती चालत नाही. तिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची लसच लागते. परंतु हीच मुळी रक्तदाब उतरवते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली जगापुढे मांडले. जुने ज्ञान एका जागी चुकले, दुसऱ्या जागी खरे निघाले. तपासल्यावाचून कळले नसते.

घरात हळद-दूध घ्या, सुंठेचा काढा घ्या, इसबगोल घ्या. जुलाबात पेज आणि मीठ-साखरेचे पाणी हे तर डॉक्टरही सांगतात. पण बाळाच्या पोटावर डाग देणे, काविळीला नाकात औषध पिळणे, कारल्याच्या रसाच्या भरवशावर मधुमेहाची गोळी सोडणे, हे बंद झाले पाहिजे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे, काही भस्मांत शिसे सापडले आहे. म्हणून काय घेता ते डॉक्टरांना सांगा. येथे डॉक्टरांबद्दलही बोलले पाहिजे. एका दवाखान्यात पायाला पाला बांधून आलेल्या म्हातारीला सर्वांसमोर अडाणी म्हटलेले आम्ही ऐकले. ती पुढच्या वेळी पाला सोडून नाही आली, ती आलीच नाही. आणि प्रत्येक तापाला सलाईन लावून घेणारे आपण सुशिक्षित, आपलाही तो एक मंत्रच झाला आहे.

शेवटी आमच्या मामांची हकिकत सांगतो. त्या मुलावर मंत्र टाकणारे ते आमचे सख्खे मामा होते. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा ठरला. आमच्यातील काही कार्यकर्ते म्हणाले, म्हाताऱ्यावर तक्रार करा. आम्ही आधी त्यांच्याकडे गेलो. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्या पैका कधी घेतला नाही. लोक रातीचे येतात. कामून परत लावू?"

आम्ही म्हणालो, "मामा, परत लावू नका. जीपमध्ये बसा आणि तिथे म्हणा."

त्यावरून वस्तीत दोन तट पडले. मंत्राला मान्यता देता काय, असा सवाल आम्हाला झाला. सवाल रास्त होता आणि आजही आमच्याजवळ त्याचे पुरे उत्तर नाही. पण लोक आधी मामांच्याच दारात येत होते, आणि मामा त्यांना गाडीत घालून आरोग्य केंद्रात नेऊ लागले. दोन वर्षांत त्यांनी मंत्र म्हणणे आपणहून सोडले. दारात आलेल्याला ते एकच विचारत, "घाम आला का? उलटी झाली का?" शेवटपर्यंत त्या मुलाचे नाव मात्र त्यांनी आमच्यापुढे काढले नाही, आणि आम्हीही काढले नाही.

विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. आपापल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाची लस आणि प्राझोसिन आहे की नाही ते विचारा. नसेल तर संस्थेच्या कार्यालयात लेखी कळवा, आम्ही पाठपुरावा करू. 108 क्रमांक आणि रात्री गाडी देणाऱ्या दोन घरांची नावे विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

जयभीम.