नोकरी सुटते तेव्हा विम्याचे काय होते?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरकाम करणारी बाई. विम्यासारख्या विषयावर ही काय बोलणार, असे कोणाला वाटले तर नवल नाही. पण गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या कारखान्यातला एक विभाग बंद झाला आणि मला हा विषय शिकणे भाग पडले.

आपण सहज म्हणतो, "आमचा आरोग्य विमा आहे." भगिनींनो, तो आपला नसतो, तो नोकरीचा असतो. कंपनी सर्व कामगारांची मिळून एकच पॉलिसी घेते आणि आपण त्या यादीतली नावे असतो. नोकरी संपली की धन्याचे नाव यादीतून निघते आणि त्याबरोबर बायको, मुले, सासू-सासरे ह्यांचीही नावे निघतात. बहुधा कामाचा शेवटचा दिवस तोच विम्याचाही शेवटचा दिवस. पगार बंद झाला हे पहिल्या तारखेला कळते; विमा बंद झाला हे मात्र इस्पितळाच्या खिडकीशी उभे राहिल्यावर कळते.

आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे. कंपनीच्या विम्यात तो पहिल्या दिवसापासून धरलेला होता. स्वतंत्र नवी पॉलिसी घ्यायची तर आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी थांबण्याची मुदत असते. २०२४ साली विमा नियामक प्राधिकरणाने ती चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. तरी तीन वर्षे म्हणजे काही थोडी नव्हेत. म्हाताऱ्या माणसाचे दुखणे तेवढे थांबत नाही.

पण ह्यावर एक वाट आहे. कंपनीच्या यादीतून निघणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या घरगुती पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. तो मान्य झाला तर आधी काढलेली वर्षे थांबण्याच्या मुदतीतून वजा होतात. मात्र नाव निघण्याच्या आधीच अर्ज करायला हवा. विमा कंपनी तपासणी करते आणि हप्ताही बराच जास्त सांगते. कारखान्याच्या कचेरीने आम्हांला ह्यातले काहीच सांगितले नव्हते. शेवटच्या आठवड्यात आम्हीच विचारले, धावपळ केली आणि माझी भिशी त्या हप्त्यात गेली. पण सासूबाईंचे औषधपाणी अडले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे, तेवढाच आधार.

आपल्यापैकी कित्येकींच्या घरी राज्य कामगार विमा आहे. त्याचा मूळ कायदा १९४८ सालचा होता. २०१७ पासून तो महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू झाला. २०१९ पासून कामगाराचा वाटा शेकडा पाऊण रुपया आणि मालकाचा सव्वातीन रुपये ठरला. येथे नोकरी गेल्यावर सगळे त्याच दिवशी संपत नाही. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. पाच वर्षे विम्यात राहून निवृत्त झालेल्यास वर्षाला १२० रुपयांत नवराबायकोच्या औषधोपचाराची सोयही ह्या योजनेने केली. म्हणून कार्ड फेकू नका. आधी त्यांच्या कचेरीत जाऊन विचारा.

आणखी एक सांगते. कंपनीचा विमा मिळाला म्हणून घरची जुनी पॉलिसी पुष्कळजण बंद करतात. हप्ता वाचतो खरा, पण इतक्या वर्षांची पुण्याई एका दिवसात जाते. ती लहान रकमेची असली तरी चालू ठेवावी. वार्षिक हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत असते. त्यापुढे गाडी सुटली.

तेव्हा आज घरी गेल्यावर तीन गोष्टी विचारा: विमा कोणत्या कंपनीचा, त्यात कोणाकोणाची नावे, आणि नोकरी सुटल्यास तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल. उत्तरे एका कागदावर लिहून रेशनकार्डाजवळ ठेवा. "ते पुरुषांचे काम" असे म्हणू नका. आजाऱ्याच्या उशाशी आपणच बसतो आणि पैशांसाठी डबे आपणच चाचपतो.