आकडा

(बेंबळी, जि. धाराशिव, इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कवी म्हणून मला बोलावलंत. पण आज कविता नाही. अंधारावर आपल्या लोकांनी पुष्कळ लिहिलं, तो हजारो वर्षांचा अंधार होता. मला वेळापत्रक लावून येणाऱ्या अंधारावर बोलायचंय. भारनियमनावर. मी मॅट्रिक पास. मुंबईच्या गोदीत माल चढवतो, उतरवतो. इंजिनियर नाही. पण हिशेब कळतो. हिशेब न कळणारा मजूर गोदीत उपाशी मरतो.

आपण म्हणतो, ‘लाईट गेली.’ पाऊस गेला, म्हातारी गेली, तशी लाईट गेली. खोटं आहे हे. तार तुटली तर लाईट जाते. भारनियमनात लाईट काढली जाते. काढणाऱ्याच्या हातात कागद असतो, आणि त्या कागदावर तुमच्या गावाची लायकी लिहिलेली असते.

तो कागद समजून घ्या. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळ फोडून कंपन्या केल्या. वाटपाचं काम महावितरणकडं आलं. ते दिवस तुटवड्याचे. खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. मुंबई मात्र त्यातून वगळलेली. पुढं २०१२ च्या सुमाराला राज्य भारनियमनमुक्त करायच्या घोषणा झाल्या. पण मुक्ती सगळ्यांना नव्हती. फीडरचे गट पाडले होते. ए, बी, सी, डी सुटले. ई, एफ आणि जी-१, जी-२, जी-३ अंधारात राहिले. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा कमी पडला, विजेची मागणी वाढली, तेव्हा पहिली कुऱ्हाड पुन्हा याच जी गटांवर.

गट कशावरून ठरतो? गळती किती आणि वसुली किती, यावरून. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघालेली एक वाहिनी. तिच्यावर शेकडो घरं. त्यात पोटाला चिमटा घेऊन दर महिन्याला बिल भरणारी विधवा आहे आणि थकबाकीवर मिशीला पीळ देणारा बागायतदारही आहे. लाईट दोघांची जाते. विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ सांगतं, थकबाकीदाराची वीज तोडायची तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. म्हणजे बुडव्याला नोटीस आहे. भरणाऱ्याला काय आहे? शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा. एकाचा गुन्हा आणि सगळ्या वस्तीला दंड, हा न्याय आपल्या बापजाद्यांनी पाठीवर झेललाय. त्याला नवीन नाव मिळालं एवढंच.

साहेब म्हणतो, तुमचे लोक आकडे टाकतात. टाकतात काही. मी त्याची तरफदारी करत नाही. आकडा टाकताना तारेला चिकटून मरतो तो गरीबच. पण दुसराही एक आकडा आहे, कचेरीतला. लांबच लांब जुनाट तारांतून वाटेतच वीज जळते, ती गळतीत. मीटर नसलेल्या पंपांची वीज अश्वशक्तीवरून अंदाजानं धरायची, तो अंदाज चुकला की गळतीचा हिशेबही चुकला. तारेवरचा आकडा काठीनं काढता येतो. कागदावरचा आकडा कोण काढणार?

आता अंधार कुणाच्या वाट्याला किती येतो ते बघा. माडीवाल्याकडं इन्व्हर्टर आहे. त्याचा पंखा थांबत नाही. वस्तीतल्या पोरीचं पुस्तक मिटतं. पंप बंद म्हणजे नळ बंद, मग घागर कुणाच्या डोक्यावर? गिरणी बंद, दळण तसंच. दिवसभर सोयाबीन काढून आलेली बाई गिरणीच्या पायरीवर लाईटची वाट बघत बसते. तिची मजुरी कुठल्या वहीत लिहायची? शेतीची वीज पाळीनं, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, हे वर्षानुवर्षं चाललं. विहीर मालकाची, मोटर मालकाची. पण रात्री दोन वाजता चिखलात दारं धरायला सालगडी. साप मालकाला चावत नाही. माझा बाप सालगडी होता, मला हे कुणी शिकवायला नको. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, दिवसा वीज द्यायची म्हणून. चांगलंय. पण रात्र संपली असं तो सालगडी म्हणेल तेव्हा मी मानीन.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची लाईट गेली. लोकल थांबल्या, देशभर बातमी झाली, मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी चौकशी लावली. लावायलाच पाहिजे होती. पण खेड्यांनी वर्षं काढली, त्याची चौकशी कुणी लावली?

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात. २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी मांडलं की विजेशिवाय कारखाने नाहीत, आणि कारखान्यांशिवाय शेतीवर लटकलेल्या माणसाची दारिद्र्यातून सुटका नाही. म्हणून वीज स्वस्त हवी, मुबलक हवी. त्यांच्या लेखी वीज म्हणजे गावकीतून बाहेर पडायची वाट. आपण ती वाट नुसती मोबाईल चार्जिंगपुरती मागतोय.

म्हणून उद्यापासून एक काम करा. वही घाला. लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, रोज लिहा. उपकेंद्रातही नोंदवही असते. माहितीच्या अधिकारात तिची प्रत मागा. आपला फीडर कुठल्या गटात, कुठल्या आकड्यावरून, ते लेखी मागा. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. फरक निघाला की वीज ग्राहकांच्या गाऱ्हाणे मंचात जा. एकटे जाऊ नका. बिल भरलेल्या पावत्या घेऊन सगळी वस्ती जा. आणि गावकीतल्या भरणाऱ्या गरिबालाही सोबत घ्या, त्याचा दिवा आपल्याच तारेवर आहे.

दगड उचलायला मिनिट लागतं. वही घालायला सहा महिने लागतात. पण गोदीत मी एक बघितलंय, मुकादम दगडाला भीत नाही. मजुराच्या खिशातल्या वहीला भितो.

जय भीम.