सुती साडीचा रुबाब

लग्नसराई आली की पैठणी परवडत नाही म्हणून अनेक जणी खट्टू होतात. त्यांनी सुती इरकल जरूर बघावी. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची साडी आणि त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा ब्लाउज, एवढ्यानं माणूस उठून दिसतं. ब्लाउज मात्र नीट बसायला हवा. खांदा उतरला, मुंढ्याशी चुण्या पडल्या, तर भारी रेशीमसुद्धा उसनं वाटतं. म्हणून वाचलेल्या पैशांतले थोडे चांगल्या शिंप्याला द्या.

आणि फॉल! सुती फॉल लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि निऱ्यांचा काठ गोळा होतो. माझ्या आईची आवडती साडी अशीच बिघडली, त्याची चुटपुट मला अजून आहे.

साडी पूर्ण सुती असेल तर भाताची पेज गाळून, पाणी घालून पातळ करा. धुतलेली साडी तीत बुडवून पिळा, सावलीत वाळवा. किंचित दमट असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा. काठ ताठ राहतो आणि निरी घातली तशीच दिवसभर टिकते.