मुलाचा कान आणि शाळेची भाषा



मूल बोलूं लागलें कीं घरांत आनंदीआनंद होतो. पण त्या पहिल्या शब्दापूर्वीं कित्येक महिने तें ऐकत असतें, आणि ऐकलेलें समजूनही घेत असतें, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. "दिवा कुठें आहे?" असें विचारतांच मांडीवरचें मूल मान वर करतें, तो शब्द त्याच्या जिभेवर येण्यास अजून अवकाश असतो. समजणें आधीं, बोलणें मागाहून. आज या समजण्याविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत; कारण आमच्या शहापूर-मुरबाडकडील वाड्यापाड्यांतील मुलांच्या शिक्षणाचें मर्म त्यांतच आहे.

मुलाचा कान घडतो कसा? हिंदी भाषेंतील 'त' आणि 'ट' या जातीच्या वर्णांतील भेद इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांस कळतो काय, हें कॅनडांतील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनीं पाहिलें. त्यांचा निष्कर्ष १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक मुलांस भेद कळला. १० ते १२ महिन्यांच्या मुलांपैकीं फारच थोड्यांस कळला. त्यांची बुद्धि कमी झाली नव्हती. जो भेद घरच्या बोलण्यांत नाहीं त्याकडे लक्ष देणें कानानें सोडलें होतें. आपल्या मुलाला मात्र ताक आणि टाक यांत घोटाळा करून चालत नाहीं. चिनी मुलाचा कान सुरांवर तयार होतो. कारण मँडरिन भाषेंत 'मा' हा एकच उच्चार निरनिराळ्या सुरांत केला कीं आई, घोडा, रागें भरणें असे अर्थ पालटतात.

२००३ सालीं अमेरिकेंत पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांचा दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मँडरिन बोलणारीं माणसें ९ महिन्यांच्या अमेरिकन मुलांशीं १२ बैठकांत खेळलीं, त्यांना पुस्तकें वाचून दाखविलीं. त्या मुलांस मँडरिनमधील दोन जवळजवळच्या व्यंजनांतील भेद ओळखतां आला. इतर मुलांस तेंच बोलणें चित्रफितींतून किंवा नुसत्या ध्वनिफितींतून ऐकविलें; त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. नभोवाणीवरून बोलणारानें हें सांगावें यांत थोडी गंमत आहे खरी! परंतु तान्ह्या मुलास नुसता आवाज पुरत नाहीं. समोर बोलणारें माणूस लागतें.

वर्षाच्या आंत जर इतकें घडतें, तर सहा वर्षांत कान किती पक्का होत असेल! आमच्याकडील ठाकर वा कातकरी मूल पहिलींत येतें, तें असा पक्का कान घेऊन येतें. त्याची घरची बोली मराठीच्या नात्यांतली खरी; पण शब्द, प्रत्यय आणि हेल निराळे. रानांतल्या झाडांचीं, पांखरांचीं, ओढ्यांतल्या माशांचीं नांवें त्याला पाठ असतात. आणि मास्तर विचारतात, "चित्राचें निरीक्षण करून उत्तर सांगा." मूल गप्प बसतें. त्याचें मौन म्हणजे मंदपणा असें ठरतें, आणि तेथेंच अनर्थाला आरंभ होतो. मूल मागच्या ओळींत जातें. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातें. परत येतें तें आणखी मागें पडून. अखेर शाळाच सुटते. तोच प्रश्न वर्गांतल्या एखाद्या थोरल्या मुलीकडून त्याच्या बोलींत विचारविला कीं उत्तरांची कशी रीघ लागते, हें मीं अनेकदां पाहिलें आहे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभिलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडास नेलें. हीं गांवें तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होतीं. मूल शाळेंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणांत न्यावी, हा त्यांचा धडा. मला वाटतें, अंगणाबरोबर अंगणांतली बोलीही वर्गांत यावी. पुस्तकी मराठी शिकवावयाची नाहीं असें नव्हे. ती या बोलीच्या पायरीवरून चढवावयाची. १९५६ सालीं संविधानांत घातलेलें ३५०-अ हें कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करण्यास सांगतें. २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही, शक्य तेथें, निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेचाच आग्रह धरतें. कागद अनुकूल आहेत. वर्ग अनुकूल व्हावयाचा आहे.

शहरांतील गृहस्थ-गृहिणींस एवढीच विनंति. घरांत तान्हें मूल असेल तर त्याच्याशीं भरपूर बोला. तें बोलत नसलें तरी ऐकत आहे. आणि आडगांवचें एखादें मूल तुमच्यापुढें गप्प राहिलें, तर त्याला कांहीं येत नाहीं असें म्हणण्यापूर्वीं, आपण त्याला समजेल असें बोललों काय, हें एकदां स्वतःस विचारा.